पैलवानाची चाल

आमच्या कुत्र्याचं नाव पैलवान. हल्ली त्या नावाची आम्हालाच लाज वाटते, कारण त्याचे मागचे पाय एकमेकांना विचारल्याशिवाय पुढे पडत नाहीत. महिन्याभरात तेही बंद होईल, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. तेव्हा बायकोने ठरवलं, त्याला एकदा धबधब्यापर्यंत चालत न्यायचं. पिल्लू असताना तो तिथेच पोहायला शिकला होता. वाट लहानशी, गप्पा मारत संपणारी.

फाटकावर पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता.

"कुत्र्याने वाटेवर पाय ठेवायचा नाही. समितीचा नवा नियम आहे."

त्याच्या खुर्चीखाली दोन भटकी कुत्री झोपली होती. तिसरं वाटेच्या मधोमध बसून अंग खाजवत होतं.

"आणि ही?"

"ही कुणाचीच नाहीत, साहेब. नियम मालकवाल्यांना."

म्हणजे पैलवानाला तिथेच वाऱ्यावर सोडलं असतं, तर तो हक्काने वर गेला असता.

"उचलून नेला तर?" मी विचारलं. शिकलेल्या माणसाचा हा खास रोग. नियम बिनडोक आहे हे कळतं, आणि आपण भांडायचं सोडून त्यातली फट शोधतो.

पहारेकऱ्याने डोकं खाजवलं. "उचलून चालेल. पाय लागता कामा नये."

पैलवान म्हणजे भिजलेली गादी. ती छातीशी धरून मी चढू लागलो. एक टोळकं स्पीकर ठणाणा वाजवत पुढे गेलं आणि वेफर्सची पाकिटं झुडपात टाकून गेलं. पाकिटांना पाय नसल्याने त्यांना नियम लागू नव्हता.

उतरणाऱ्या एक काकू थबकल्या. "काय बाई लाड. सासूला आणलं असतंत का असं उचलून?"

"त्या चालत येतात, काकू. तुमच्यापेक्षा भराभर," बायको म्हणाली.

पैलवान कण्हत होता, पाय झाडत होता. मी त्याला गप्प करू लागलो, तशी बायको थांबली.

"अहो, खाली ठेवा त्याला."

"पहारेकरी शिट्टी मारेल."

"मारू दे. याला चालवायला आणलंय आपण. हे तर सामान पोचवणं झालं."

मी ठेवला. पायांची आपापसात चर्चा झाली, मग तो निघाला. दोनदा बसला. मी वाकलो, तर बायकोने माझी बाही धरली. तो स्वतःच उठला.

मागून शिट्टी वाजलीच. पहारेकरी धापा टाकत आला. "साहेब, ठरलं काय होतं आपलं?"

भटकी कुत्री, पाकिटं, स्पीकर, समिती, सगळं मी मनात घोळवून ठेवलं होतं. तोंडातून फक्त धाप निघाली.

तोवर पैलवान धबधब्याशी पोचून पुढचे पाय पाण्यात घालून उभा होता.

"उचला त्याला."

"पाणी पितोय," बायको मागे न बघता म्हणाली. "पिऊ दे."

तो सावकाश प्यायला. पहारेकरी शिट्टी हातात धरून उभा राहिला.

"उतरताना तरी उचलाल ना?"

"नाही," मी म्हणालो. "उतरतानाही तो चालणार. तुम्ही व्हा पुढे, आम्हाला वेळ लागेल."