दोन धारांमधली दुपार

वेंडेल पेल्कीच्या गायींना रविवार कळत नसे. पहाटे धार, संध्याकाळी धार. त्यामुळे अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या टेकडीवर कुणाला प्रेम करायचंच असेल तर ते भर दुपारी. नोरीनची त्याला हरकत नव्हती. साठी ओलांडलेल्या बाईला काळोख लागतो असं कोणी सांगितलं? तिची अडचण वेगळीच होती आणि ती तिने वर्षभर गिळून ठेवली होती.

ती दूध तपासणीच्या कामावर होती. दर महिन्याला येऊन एकेका गायीच्या दुधाचा नमुना बाटलीत भरून न्यायची. बायको मार्लीन गेल्यापासून वेंडेल बोलणंच विसरल्यासारखा झाला होता. नोरीनच्या फेऱ्यांनी त्याला पुन्हा तोंड फुटलं. दोघं आधी गायींविषयी बोलली, मग गुडघेदुखीविषयी, आणि मग हळूहळू एकमेकांविषयी. आज, नुकत्याच धुतलेल्या चादरीवर बसून तो तिच्या स्वेटरची बटणं काढू लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

“थांब. आधी ऐक. मला हर्पीस आहे. तोंडावरचा नव्हे, खालचा. नवऱ्याने बाहेरून आणला आणि मला दिला. नवरा गेला, हा राहिला. जन्मभर राहतो. तुलाही लागू शकतो.”

हे तिने यापूर्वी एकाच पुरुषाला सांगितलं होतं. त्याला तत्काळ दाताच्या डॉक्टरकडे जायचं आठवलं होतं, तेही रविवारी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती वर्षभर फुंकत बसली होती.

वेंडेल उठला. पँटचे पट्टे खांद्यावर चढवून तो जिना उतरला. खाली पिकअप सुरू झाली आणि उतारावरून निघून गेली.

स्वतःचंच घर सोडून पळालेला माणूस नोरीन पहिल्यांदाच पाहत होती. तिला हसू आलं नाही. हा माणूस तिला हवा होता, या वयात कुणी हवं असू नये इतका हवा होता. तिने बूट चढवले, पण नाड्या बांधल्या नाहीत. ती तशीच पलंगाच्या कडेला बसून राहिली.

बऱ्याच वेळाने पिकअप परतली. वेंडेल धापा टाकत वर आला आणि त्याने उशीजवळ कंडोमचं पाकीट ठेवलं.

“आपल्या गावचं दुकान बंद. पार पलीकडच्या गावी जावं लागलं. गल्ल्यावर मार्लीनची भाची. विचारते, ‘काका, पिशवी देऊ का?’ म्हटलं, ‘कशाला, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणारच आहे.’”

“सांगून जायला तोंड नव्हतं तुला?”

“मला वाटलं, कळलं तुला.”

“काय कळणार, मेल्या?” नोरीन म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता, पण ते एवढ्यात त्याला दाखवायची तिची तयारी नव्हती.

मग त्याने खिशातून कासेच्या मलमाचा डबा काढला. त्या भागात हे मलम गायीच्या सडांना लावतात, फाटलेल्या ओठांना लावतात आणि दाराच्या बिजागरीलाही. “आपल्या वयाला थोडं लागतंच,” तो लाजत म्हणाला.

“तेलकट काही चालत नाही. रबर कमजोर होतं, फाटतं.”

वेंडेल थबकला. “खरंच की. धारेच्या यंत्राच्या रबरांना हे लागलं की ती फुगून चिरतात. यावरून मी नव्या गड्याला फैलावर घेतलं होतं.”

“आता स्वतःला घे. माझ्या पर्समध्ये पाण्याचं जेल आहे.”

“म्हणजे ठरवून आली होतीस?”

“वर्षभर घेऊन फिरतेय. कंडोमही होते. गाडीच्या खणात उन्हाळाभर भाजले, मुदतही संपली, म्हणून टाकून दिले. नवे आणले नाहीत. तू थांबशील असं वाटलं नव्हतं.”

वेंडेलने पाकीट फोडलं. चष्मा लावून पाकिटातला कागद मोठ्याने वाचू लागला. दाताने फोडू नये, बोटांनी कडेला फाडावं. सरावासाठी त्याने उशाचा टॉर्च घेतला आणि पहिला कंडोम उलटाच लावला. तो उलगडेना, तेव्हा पालटून पुन्हा लावायला निघाला.

“टाक तो.”

“चांगला अख्खा आहे की.”

“टॉर्चला चालेल. तुला नाही. जी बाजू आधी तुला लागेल, तीच पालटल्यावर मला लागेल. उलटा लागला की नवा घ्यायचा.”

शेतकऱ्याच्या जिवावर आलं, पण त्याने नवा घेतला. टोक चिमटीत धरून हवा काढली आणि तो टॉर्चवर पार मुळापर्यंत उलगडला.

“आणि झाल्यावर?”

“लगेच बाहेर यायचं, कडा बोटांनी धरून. मग गाठ मारून केराच्या डब्यात. संडासात टाकलास तर टाकी का तुंबली ते प्लंबरला तूच सांग.”

“म्हणजे आता मला काही होणार नाही,” वेंडेल समाधानाने म्हणाला.

नोरीन गप्प राहिली असती तर दुपार सुखात गेली असती. पण नवऱ्याने तिला फसवलं होतं ते असंच गप्प राहून.

“तसं नाही. कंडोम झाकतो तेवढंच वाचवतो. मी रोज गोळी घेते, त्याने धोका आणखी कमी होतो. पण उरतो. आणि मुंग्या आल्या, फोड आले, तर त्या दिवसांत काहीच करायचं नाही. कंडोम घालूनही नाही.”

वेंडेलने कागदाची घडी घातली. विचार करायला त्याला नेहमीच वेळ लागे. नोरीन त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होती.

“ते दिवस आधी कळतात तुला?”

“कळतात. फोन करून सांगेन, येत नाही म्हणून.”

“दुखतं?”

“कधी कधी ताप येतो. चालवत नाही.”

“मग तेव्हा कोण असतं तुझ्याजवळ?”

या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. “कोणी नाही,” ती म्हणाली.

“तर मग त्या दिवशी येत नाही म्हणून फोन करू नकोस. न्यायला ये म्हणून कर,” वेंडेल म्हणाला. “आजारी माणसाने एकटं पडून राहू नये.”

नोरीनला रडू फुटलं. तो घाबरून काय चुकलं ते विचारत राहिला, आणि ती रडतरडतच पायातले बूट काढू लागली.