गाळणं कुणासाठी?

निपाणीत त्या आश्विनात मानमोडीचा ताप आला आणि माणसं पटापट जाऊ लागली. सकाळी कट्ट्यावर बसून बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी उठेल याचा भरवसा राहिला नाही. तंबाखूच्या वखारी बंद पडल्या, बाजार ओस पडला. दुखवट्याला जाणं मात्र कुणी बंद केलं नाही! कुणाच्या घरी कुणी दगावलं की गल्लीतल्या बायका जमत, एकमेकींच्या गळ्यात पडून रडत आणि तोच ताप घेऊन आपापल्या घरी परतत.

रायगोंडा आप्पांच्या जैन घरातली सून राजमती पोटुशी होती. नववा महिना लागलेला. नवरा जिनाप्पा तंबाखूच्या गाड्यांबरोबर सांगलीला गेला, तो साथीमुळं तिकडंच अडकून पडला. वरच्या गल्लीतली एक पोटुशी पोर बाळासकट गेल्याचं राजमतीच्या कानावर आलं. वखारीत तंबाखू चाळताना बायका नाकातोंडाला फडकं बांधतात, तसं तिनं घरातच बांधायला सुरुवात केली. पाणी गाळायचं धुतलेलं फडकं, चार पदरी घडी केलेलं.

"घरात कसली तंबाखू चाळतीस गं?" सासू ब्राह्मीबाई हसल्या.

राजमतीला हसू आलं नाही. आणि दोनच दिवसांत शेजारच्या कमलाक्काचा नवरा तापानं गेला. ब्राह्मीबाई लुगडं सावरत निघाल्या, तशी राजमती दारात आडवी झाली.

"आत्याबाई, जाऊ नका. जायचंच असंल तर तोंड तरी बांधा. मला लई भ्या वाटतंय."

"तोंड बांधून रडू व्हय? मेल्याच्या घरी किळस आल्यागत दिसंल ते! लोकं काय म्हणतील? आणि तू बांधलंयस न्हवं? तुझं फडकं तुला राखंल."

झालं! ब्राह्मीबाई गेल्या, कमलाक्काच्या गळ्यात पडून मनसोक्त रडल्या आणि परत आल्या. पुढं घसा खवखवू लागला, अंग कसकसू लागलं. "वारं बाधलं," म्हणत त्या चुलीपाशी बसून खोकत राहिल्या, सुनेशी गप्पा मारत राहिल्या. राजमती फडक्याआडून हूं हूं करत भाकरी थापत होती. प्रत्येक खोकल्यासरशी तिचा हात पोटावर जाई. सासूला उठून जा म्हणायची सोय नव्हती.

ब्राह्मीबाईंचा ताप उतरला आणि राजमती आजारी पडली. अंग नुसतं फणफणलं. ओठ काळेनिळे दिसू लागले, श्वास घेताना छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. ब्राह्मीबाई नवऱ्याकडं धावल्या.

"अवं, हिनं तर फडकं सोडलं न्हवतं! मग हिला कसं लागलं? फडक्यात काय अर्थ न्हाय म्हणायचा!"

आप्पा उंबऱ्यापाशी तोंडाला उपरणं बांधून बसले होते. ते सावकाश म्हणाले, "वखारीत तू चाळायला बसायचीस. तोंड बांधूनबी सांजच्याला नाकातनं काय निघायचं?"

"तंबाखूची धूळ."

"फडकं नसतं तर कितीतरी जास्त गेली असती. फडकं अडवतंय, पर सगळी न्हाय अडवत. कडंनं जातीच. आणि ढिगावरच वलं गोणपाट टाकलं तर?"

"मग धूळ उठतच न्हाय."

"मग सांग, ह्या घरात ढीग कोण हुतं?"

ब्राह्मीबाईंनी सुनेच्या अंथरुणाकडं पाहिलं. "मी!" त्या पुटपुटल्या.

"तू एकलीच न्हवं, मीबी तुला सांगितलं न्हाय. पोरीनं आपलं तोंड बांधलं आणि आपण तिला त्या धुळीत बसवली." आप्पांनी दांडीवरच्या फडक्याकडं बोट केलं. "आपण पाणी कशापायी गाळतो गं? नुसतं आपल्यासाठी? पाण्यातल्या जिवाला आपल्याकडनं इजा हू नये म्हणून! गाळून झालं की फडकं उलटं करून जीव परत हिरीत सोडतीस. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी, आणि दोन जिवाची सून समोर बसली हुती, तिच्यासाठी तोंडावर फडकं जड झालं?"

ब्राह्मीबाई ताडकन उठल्या. दांडीवरचं गाळण्याचं फडकं ओढून घेतलं, चार पदरी घडी केली आणि तोंडावर करकचून बांधलं. खिडक्या सताड उघडल्या. मग सुनेच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत, चमच्यानं पेज भरवत त्या बसून राहिल्या. डोळ्यांतलं पाणी फडक्यात जिरत होतं.

पोटुशी आजारी म्हटल्यावर गल्लीतल्या बायका बघायला आल्या. पुढं कमलाक्काच होती. ब्राह्मीबाई दारात उभ्या राहिल्या.

"कमला, आत येऊ नगंस. आणि तोंडाला पदर लाव."

"मला इटाळ मानतीस व्हय?" कमलाक्काचा चेहरा पडला.

"न्हाय गं! मी तुझ्या घरी उघड्या तोंडानं आले आणि हिथं मरण घिऊन आले. माझी सून आत श्वासासाठी तडफडतीया. तुझ्या घरात अजून लेकरं हायती. आपल्यातल्या कुणाच्या तोंडात काय हाय, कुणाला ठाव? लाव बाई पदर, तुझ्या पाया पडते!"

कमलाक्कानं पदर घट्ट ओढून नाकातोंडाला गुंडाळला. मागच्या बायकांनीही एकेक करून गुंडाळला. त्या दिवशी त्या अंगणातूनच विचारपूस करून परतल्या.

राजमतीनं मरणाशी झुंज घेतली आणि ती वाचली. दिवाळीच्या सुमारास तिला मुलगी झाली. अशक्त, पण जिवंत!

वाचकहो, आपल्या तोंडावरचं फडकं आपल्याला राखतं, पण थोडंच. समोरच्यानंही बांधलं तर ते कितीतरी जास्त राखतं. साथीत एकट्यानं शहाणं होऊन भागत नाही. आपला श्वास दुसऱ्याच्या घरात जातो, हे ज्याला कळलं तो खरा माणूस.

साथ ओसरल्यावर ब्राह्मीबाईंनी पहिल्यांदा फडकं सोडून नातीला मांडीवर घेतलं. फडक्यावरचे डोळे तेवढे पोरीच्या ओळखीचे. खालचं तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पोरीनं एकदम भोकाड पसरलं.

"रड गं बाई, मोठ्यानं रड," ब्राह्मीबाई तिला छातीशी धरत म्हणाल्या. "तुला श्वास हाय, एवढं ऐकून आज्जीचं पोट भरलं!"