दोन विती, चार बोटं

“महारुद्राचं गळ्यापसून कमरंपत्तूर दोन विती अन् चार बोटं भरायलंय, आत्याबाई,” चंदा फोनवर ओरडून सांगत होती. मागे मेंढरांचा कालवा चालला होता.

“अन् माधवीचं?”

“दोन विती. तिला फ्राक नको म्हनायली. दादासारका खिशाचा शर्ट पाह्यजे म्हने.”

“बारक्याचं?”

“आदिनाथ उभाच ऱ्हाईना. त्याचा अंदाजानं शिवा.” एवढं बोलून होतंय तोवर फोन तुटला.

बानूबाई चुडावा गावातल्या घरात ओसरीवर बसून राहिली. मापं मिळाली, पण वीत चंदाची. सुनेचा हात केवढा, हे तिला आठवेना. लग्नानंतर चार महिने सून घरात राहिली असेल. नंतर नवऱ्याबरोबर मेंढरांमागं गेली ती गेलीच. बऱ्याच वेळाने बानूबाईला बांगड्या आठवल्या. लग्नात चंदाला सव्वादोनच्या बसल्या होत्या, तिला स्वतःला अडीचच्या लागायच्या. म्हणजे तिची वीत आपल्यापेक्षा बोटभर लहान. त्या हिशेबाने तिने दोरा मोजून तोडला.

कापड घरातच होतं. नवरा, सिताराम, होता तोवर सोयऱ्यांच्या लग्नांत आहेराचे शर्टपीस यायचे. शिलाई कुठून द्यायची म्हणून तो ते पेटीत टाकायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या दोन शर्टांच्या कापडात तीन लेकरांचं भागत होतं.

शिलाई मशीन शेजारच्या सुमनबाईचं. संध्याकाळी रोजगारावरून आल्यावर बानूबाई तिच्याकडे जाऊन बसायची.

“बाजारात तयार कपडे सस्त्यात मिळतेत की,” सुमनबाई म्हणाली. “कामून डोळे फोडून घ्यायलाव?”

“मिळतेत. पन मंग मी काय करू?”

दिवा जवळ सरकवून सुमनबाई भाकरी थापायला गेली.

तिन्ही शर्टांच्या शिवणीत, लेकरं वाढली की उसवून मोठं करता यावं म्हणून, बानूबाईने दोन-दोन बोटं माया सोडली. माधवीच्या शर्टाला दोन खिसे लावले. बारक्याचा शर्ट तिने तीनदा उसवला. मागच्या उन्हाळ्यात त्याला कडेवर घेतलं होतं. ते वजन तेवढं हाताला आठवत होतं, उंची नाही.

दिवाळीला चार दिवस उरले, तशी ती एसटीने निघाली. परभणी, मग जिंतूर, मग चारठाणा. मुलगा अमृत याचा फोन दोन दिवस लागत नव्हता. पण मेंढरं चारठाण्याच्या बन्सीधरच्या रानात खतासाठी बसवलीत, हे त्यानेच सांगितलेलं. विचारत विचारत ती त्या रानात पोचली.

रानात ताज्या लेंड्या होत्या, चुलीचे तीन दगड होते. मेंढरं नव्हती.

“तुमी अमृतची माय का?” बन्सीधर बांधावरून आला. “ते तर काल सकाळीच गेले. मला हरभरा पेरायचाय न. डोंगराकडं गेलेत. नेमके कुठं थांबलेत, मलाबी ठावं न्हाई.”

त्याने स्वतःच्या फोनवरून दोनदा लावून पाहिलं. बंद.

शेतातल्या आखाड्यावरच्या घरी त्याच्या बायकोने, नर्मदाबाईने, चहा ठेवला. “धाकटं तुमचं लय बोलकं हाय बगा,” ती म्हणाली.

“बोलायलंय?” बानूबाईच्या तोंडून निघून गेलं.

नर्मदाबाईने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. “बोलायलंय म्हंजे! एका कोकराला नाव ठिवलंय त्यानं, बंड्या. त्याला घेतल्याबिगर झोपतच न्हाई.”

“अजून काय म्हनतंय?”

मग नर्मदाबाई सांगत राहिली. थोरला काठी घेऊन बापासारखा चालतो. पोर विहिरीपाशी एकटीच गाणी म्हणते. बानूबाई एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेत होती. कपातला चहा निवला.

“दिवाळी झाली की आमच्या वरल्या रानात यायचं बोललेत ते,” नर्मदाबाई म्हणाली. “शर्ट ठिवून जावा. माझ्या हातानं देते. कुनाचा कोन्ता, चिठ्ठी लिवू का?”

“वाचनारं कोन हाय तिथं? ल्हान-मोठं बघून चंदा समजंल.” तिने शर्ट पिशवीतून काढले, घड्या हाताने दाबल्या, आणि नर्मदाबाईकडे दिले.

“आजच्या दिवस ऱ्हावा की.”

“नगं. घरी वाट बघतेत.”

घरी कोण, हे नर्मदाबाईने विचारलं नाही.

फाट्यावर येऊन बानूबाई उभी राहिली. ऊन कलत होतं. बस यायच्या आधी रस्त्याने मेंढरांचा कळप आला. ती बाजूला झाली नाही. मेंढरं तिच्या दोन्ही अंगांनी वाट काढत गेली, लुगड्याला घासत गेली. कळपामागं घोड्यावर भांडी, अंथरुणं आणि दोन लेकरं होती. बानूबाईने उन्हाच्या आडोशाला पदर डोळ्यांवर धरून त्यांची तोंडं नीट पाहिली.

मागून येणारा अनोळखी धनगर थांबला. “कुनाची वाट बघायलाव, आज्जी?”

“बसची,” बानूबाई म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेला झाली.