कडू दूध

शहागडला हायवेच्या कडेला वसंताचं चहाचं हॉटेल होतं. उषाबाई रोज सकाळी तिथं किटलीतून दूध घालायची. चार वर्षांत वसंतानं कधी झाकण उघडून वास घेतला नव्हता, इतका त्याचा तिच्यावर भरवसा. त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी मात्र त्यानं किटली तशीच तिच्याकडे सरकवली.

"मावशी, काल दोन ड्रायव्हरांनी चहा फेकून देल्ता. कडू लागून राह्यला म्हणले. दुधात काही टाकलं का?"

"मी काय टाकू रे? पाणी बी न्हाई टाकत."

"मला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक ऐकत न्हाई. थोडे दिवस पुंजारामभाऊचं घेतो, मंग बघू."

उषाबाई किटली उचलून घरी आली. दूध विकायचं म्हणून तिच्या घरात सदा कोराच चहा व्हायचा. आपल्या गाईच्या दुधाची चव तिला ठाऊकच नव्हती. तिनं वाटीभर ओतून घोट घेतला. जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहिला. वसंता खरं बोलला होता, हेच तिला जास्त लागलं.

तिनं गाईची कास दाबून पाहिली. सूज नव्हती, गाठ नव्हती. किटली राखेनं घासली, उकळत्या पाण्यानं विसळली. संध्याकाळचं दूधही कडूच निघालं. मग ती गव्हाणीपाशी बसली आणि एकेक काडी निवडू लागली.

बांधावरचं चांगलं गवत संपून पंधरा दिवस झाले होते. तेव्हापासून ती कालव्याच्या कडेचं जे हिरवं दिसेल ते कापून आणायची, बारीक करून कडब्यात मिसळायची. त्यात गाजरासारख्या पानांचं, बारीक पांढऱ्या फुलांचं गवतच जास्त होतं. ते कापून तिच्या हातांना खाज सुटली होती, पण ऊन लागलं असेल म्हणून तिनं तिकडं लक्ष दिलं नव्हतं. तिनं एक पान दाताखाली धरलं आणि थुंकून टाकलं. तीच चव.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गाईला नुसता कडबा आणि सरकीची पेंड घातली. रोज धार काढल्यावर वाटीत थोडं घेऊन चाखायची. पहिल्या दिवशी फरक नव्हता. चौथ्या सकाळी दूध गोड लागलं.

त्याच दुपारी वसंता सायकलवर आला. "मावशी, पुंजारामभाऊचं दूध तुमच्याहून कडू निघालं. उद्यापासून तुमचंच आणा."

उषाबाईनं त्याला वाटीभर दूध दिलं. तो पिऊन हसला. ती म्हणाली, "आणते. पण आधी त्याच्याकडं जाऊन येते."

"तुम्ही? तो तर पारावर सांगत हिंडला, उषाबाई गाईला औषध देती म्हणून."

"त्याची गाय तर काही बोलली न्हाई ना मला," ती म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या.

पुंजाराम गोठ्यातच होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला. तिनं त्याच्या गव्हाणीतून त्याच पांढऱ्या फुलांच्या गवताची एक फांदी ओढून काढली.

"भाऊ, हे बिलकुल घालू नका. याच्यानंच दूध कडू होतंय. चार दिवस बंद करा, बराबर होईल."

पुंजारामानं फांदी हातात घेऊन उलटसुलट केली. मग म्हणाला, "मी तुमच्याबद्दल नको ते बोलल्तो, बाई."

"ऐकलं मी."

"तरी आल्या?"

"तुमच्या जनावराचं काय चुकलं?"

त्याची बायको पुष्पाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं गोणपाटाचे दोन तुकडे आणले, एक उषाबाईच्या हातात दिला. "हाताला गुंडाळा. फुलं झडून बी पडायच्या आत उपटू."

दोघी दिवस मावळेपर्यंत कालव्याच्या कडेनं गवत मुळासकट उपटत राहिल्या. पुलापर्यंत कड मोकळी झाली. पुलापलीकडं अजून पांढरंच दिसत होतं. तिकडं उद्या, असं ठरवून त्या घराकडं वळल्या. पुढं आठवड्याभरानं वसंता दोघांचंही दूध घेऊ लागला.