अडखळणाऱ्या माणसाचं प्रार्थनापुस्तक

मी बोलतोय ते नगरच्या एका इस्पितळातून. तिसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर एक लोखंडी बाक आहे. त्या बाकावर, घडी घातलेल्या दुपट्यावर मी पडून आहे. मी एक प्रार्थनेचं पुस्तक. काळा कापडी पुठ्ठा, झिजलेले कोपरे, पिवळी पडलेली पानं. समोरच्या दारापलीकडे काचेच्या पेटीत, ज्याच्या हातात मी असतो त्या सूर्यभानची नात आहे, तेरा दिवसांची. ते दार उघडलं की माझा जीव गोळा होतो. आत काय चाललंय ते मला दिसत नाही; बाहेर येणाऱ्यांचे चेहरे तेवढे दिसतात.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यातला, साठ वर्षांपूर्वीचा. तिथून मी पार्सलनं आलो तिसगावच्या पुढच्या एका लहान गावात. तिथं दगडी भिंतींचं, पन्नास माणसं मावतील एवढं चर्च आहे; आमच्याकडं त्याला देऊळच म्हणतात. ते बांधलं इंग्लंडहून आलेल्या मिशननं, म्हणून आमच्या उपासनेला ठरलेली रीत. कोणत्या रविवारी काय वाचायचं, कुठं उभं राहायचं, कुठं गुडघे टेकायचे, सगळं माझ्यात छापलेलं. पाळकानं एक ओळ म्हणायची, लोकांनी पुढची.

नगरकडच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांची, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांची, तऱ्हा वेगळी. त्यांचे पाळक डोळे मिटून आपल्याच शब्दांत प्रार्थना करायचे. पुढं सत्तर साली निरनिराळ्या मिशनांची चर्चेस एक झाली. बाहेरची पाटी एक झाली, सवयी मात्र ज्याच्या त्याला राहिल्या.

सूर्यभानचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि पाळक नसला की उपासना तेच चालवायचे. मी त्यांच्या हातातला. सूर्यभान त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि तो बोलताना अडखळायचा. शाळेत नाव विचारलं की 'सू'वरच गाडी थांबायची. पोरं हसायची. मग त्यानं बोलणंच कमी केलं. मोठेपणी तिसगावात विहिरींच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक बिघाड सांगायचं, हा मान हलवायचा, आणि मोटार चालू करून द्यायचा.

एका रविवारी मास्तरांचा घसा बसला. त्यांनी काही न बोलता मला सूर्यभानच्या हातात दिलं. मला चांगलं आठवतंय, त्याचे तळवे घामानं ओले होते. त्यानं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि शेवटच्या आशीर्वादापर्यंत कुठंही अडकला नाही. का, ते मला माहीत नाही. ठरलेले शब्द आधीच समोर असतात, ते शोधावे लागत नाहीत, म्हणून असेल. त्या दिवसापासून चौतीस वर्षं झाली. पाळकसाहेब आमच्या गावाला महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार सूर्यभानचे आणि माझे.

त्याची मुलगी धनश्री कोपरगावला दिली. जावई समर्थ साखर कारखान्यात कामाला. स्वभावानं लाख माणूस, पण त्याची संगत नव्या मंडळीची. पत्र्याच्या हॉलमध्ये भक्ती, गिटार, वर केलेले हात, आणि पुस्तक कुठंच नाही. त्यांच्यात बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणसानं कळत्या वयात, स्वतःच्या विश्वासानं पाण्यात उतरायचं. समर्थ एकोणिसाव्या वर्षी गोदावरीत उतरला होता. आणि प्रार्थना करायचा ती ऐकत राहावी अशी, जणू समोर बसलेल्या माणसाशी बोलतोय.

लग्नानंतर कोपरगावच्या पहिल्या जेवणाला तो म्हणाला, "मामा, तुमी प्रार्थना करा."

सूर्यभाननं मला घ्यायला हात पुढं केला.

"पुस्तक कशाला मामा? मनातलं बोला."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सूर्यभाननं डोळे मिटले आणि 'प्र' म्हणाला. 'प्र'च्या पुढं त्याला जाता येईना. आमटी गार होत चालली. शेवटी त्याची बायको मनकर्णा 'आमेन' म्हणाली आणि ताटं पुढं सरकली. त्यानंतर कोपरगावला जाताना सूर्यभान मला घरीच ठेवून जाऊ लागला. मला ते लागलं. त्याहून जास्त काळजी वाटायची ती त्याची.

तेरा दिवसांपूर्वी धनश्री सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. वजन एक किलो दोनशे. मनकर्णानं पिशवी भरली. त्यात दुपटी, मी, आणि घरच्या पाण्यानं भरलेली स्टीलची छोटी बाटली. ती बाटली कशासाठी, ते मी ओळखलं. माझ्या मागच्या भागात एक पान आहे. बाळ दगावायची भीती असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा कसा द्यावा, ते त्यावर लिहिलंय. सूर्यभाननं ते पान कधी उघडलं नव्हतं.

पाचव्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, रक्तात जंतू झालेत, दोन दिवस काही सांगता येणार नाही. समर्थ तेव्हा औषध आणायला खाली गेला होता.

मनकर्णा म्हणाली, "पान काढा."

सूर्यभान हलला नाही.

आत ड्यूटीवर निकिता नावाची नर्स होती. राहात्याकडची, कॅथलिक घरातली. ती बाहेर आली, मनकर्णाच्या हातातली बाटली पाहिली आणि तिला लगेच उमगलं. "आमच्यातही असंच आहे, काका," ती हळूच म्हणाली. "फादर नसले तर अशा वेळी कुणीही पाणी घालू शकतं. आईवडील हो म्हणाले तर मी घालते. एक थेंब पुरतो."

"धनश्री हो म्हनलीय," मनकर्णा म्हणाली. "आता उशीर नगं. जावईबापू यायच्या आत उरकू."

"त-त्याला येऊ दे," सूर्यभान म्हणाला.

"तवर काय झालं तर?"

तो मला दोन्ही हातांनी धरून बसला. त्याची नाडी माझ्या पुठ्ठ्यावर ठोके देत होती. मला दोन्हीकडून भीती वाटत होती. समर्थला न विचारता पाणी घातलं तर लेकीच्या संसारात कायमची अढी पडली असती. थांबलो आणि बाळ गेलं, तर मनकर्णानं जन्मभर त्याच्याकडं पाहिलं नसतं. जिन्यावर पाऊल वाजलं की आम्ही दोघं दचकायचो.

वीस मिनिटांनी समर्थ आला. औषध आत दिलं. सूर्यभाननं त्याला शेजारी बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. फार अडखळला. एरवी समर्थ त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायचा; या वेळी त्यानं थांबून ऐकलं.

"मामा, मी पान्यात उतरलो तवा मला कळत हुतं मी काय करतोय," तो म्हणाला. "तिला काय कळंल?"

"न्हाई क-कळनार. तिच्या वतीनं आमी शब्द देतो. मोठी झाली की बिशपसायबांसमोर ती सोता हो म्हनती. तवर आमी तिला धरून ठिवायचं."

"आन् पानी न घालता गेली, तर देव तिला घेनार न्हाई, असं म्हननं हाय का तुमचं?"

सूर्यभाननं माझ्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. या वेळी जीभ अडकली नव्हती, तो विचार करत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "देव घील तिला. माझ्या मनात शंका न्हाई. पर हिला आन् धनूला धीर हुईल."

समर्थनं तोंड ओंजळीत घेतलं. "मग आता नको, मामा. भीतीपोटी नको. घरी आली की बोलू. मी न्हाईच म्हनतो असं न्हाई."

सूर्यभाननं मला बाजूला ठेवलं. मनकर्णानं बाटली पिशवीत टाकली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

त्याच दुपारी समर्थच्या मंडळीचा फोन आला. सगळे हॉलमध्ये जमले होते. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "भाऊ, तुमी सुरू करा, आमी मागं म्हनतो." समर्थ उभा राहिला, डोळे मिटले. "प्रभू," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा "प्रभू." तिसऱ्यांदा त्याचा आवाजच फुटला नाही. त्यानं फोन ठेवला आणि बाकावर बसला. ज्याच्या तोंडी कधी शब्दांची वाण पडली नव्हती, त्याच्यापाशी मुलीसाठी एक शब्द नव्हता.

मग तो म्हणाला, "मामा, आजाऱ्यासाठी काय हाय का ह्यात?"

सूर्यभाननं पान काढलं आणि वाचू लागला. सावकाश, न अडखळता. त्या ओळी शेकडो आजाऱ्यांसाठी म्हटल्या गेल्या आहेत, त्यात बाळाचं नावही नाही. पण समर्थ ती ओळ न् ओळ मागून म्हणत होता. संपलं तेव्हा म्हणाला, "परत एकदा." दाराशी उभी राहिलेली निकिताही पुटपुटत होती. मनकर्णानं तोंड फिरवलं नाही, पण तिचे ओठ हलताना मी पाहिले.

ते दोन दिवस बाळानं काढले. शनिवारी सूर्यभान आणि मनकर्णा गावाकडं निघाले. रविवारची उपासना होती. सूर्यभाननं मला पिशवीत घातलं, तेवढ्यात समर्थ म्हणाला, "मामा, पुस्तक राहू द्या दोन दिस."

सूर्यभाननं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि मला बाहेर काढून त्याच्या हातात दिलं.

मी किती घाबरलो म्हणून सांगू. चौतीस वर्षांत एकही रविवार तो माझ्याशिवाय उभा राहिला नव्हता. गावात दुसरी प्रत होती, ती वाळवी लागून गेली. मला ते 'सू'वर थांबणारं पोर दिसू लागलं, हसणारी पोरं दिसू लागली. रविवारी सकाळी समर्थ मला वाचत होता, धनश्रीला आठवड्याची प्रार्थना म्हणून दाखवत होता, आणि माझं अर्धं मन तिसगावच्या वाटेवर होतं. नऊ वाजले. आता घंटा झाली असेल. आता तो उभा राहिला असेल.

सोमवारी दोघं परत आले. सूर्यभान समर्थबरोबर डॉक्टरांकडं गेला आणि मनकर्णा लेकीपाशी बसली.

"अण्णांनी काल काय केलं गं?" धनश्रीनं विचारलं.

"पैल्याच शब्दाला अडाकले," मनकर्णा म्हणाली. "मी खाली मान घातली. लई वेळ झाला. मग मागनं कुनीतरी तो शब्द म्हनला. मग दोघं-तिघं. मग समदे. पाठच हाय की लोकांना, इतकी वर्सं ऐकत्यात. हे मधीच गप झाले तरी लोकांनी सोडलं न्हाई, त्यांना संगं घिऊन गेले. रडत हुते गं तुजे अण्णा, पर म्हनत हुते."

बाटलीच्या गोष्टीनंतर नवऱ्याबद्दल ती पहिल्यांदाच मायेनं बोलत होती.

इतकी वर्षं मला वाटायचं, सूर्यभानला मी सावरतो. ती प्रार्थना पहिल्यापासून सगळ्यांनी मिळून म्हणायची होती. माझ्या पहिल्याच पानावर 'सर्वांनी मिळून म्हणावयाच्या प्रार्थना' असं छापलेलंही आहे, पण स्वतःवरचं कोण वाचतो?

आज तेरावा दिवस. वजन एक किलो तीनशे वीस. जंतू कमी झालेत, गेले नाहीत. डॉक्टर अजून 'बघू' एवढंच म्हणतात. बाप्तिस्म्याचं ठरलेलं नाही. मनकर्णा म्हणते पाळकसाहेबांच्या हातून, लगेच. समर्थ म्हणतो घरी तर येऊ दे. कुणाचं बरोबर, ते मला विचारू नका. माझ्या पानांवर एक रीत आहे, आणि दुसऱ्या रीतीची माणसं मी याच बाकावर रडताना पाहिलीत.

दार उघडलं. निकिता बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. सूर्यभान उठून उभा राहिला.

"धनश्रीताईंना आत पाठवा," ती म्हणाली. "बाळाला थोडा वेळ पेटीतून काढतोय. आईच्या छातीशी ठेवायचंय."

धनश्री चप्पल काढून आत गेली. समर्थ दाराच्या काचेला कपाळ लावून उभा आहे. "निजली," तो पुटपुटतो. मनकर्णानं पदर तोंडाशी धरलाय. तुम्ही जे कोणी हे ऐकत असाल, तुमची प्रार्थना पुस्तकातली असो, मनातली असो, उभ्यानं असो की गुडघ्यांवर, या घटकेला या पोरीसाठी एक ओळ म्हणा. आम्ही सगळे दाराबाहेर आहोत, आणि ती पहिल्यांदाच आईच्या अंगावर निजली आहे.