बाटलीचं झाकण

"काय म्हणताय आजी, कसं आहे?" संधिवाताच्या नव्या औषधाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"देवाच्या दयेनं बरं आहे हो."

शेजारी बसलेल्या धाकट्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं? आज आईच्या स्वेटरची बटणं तिनं लावली होती, केसही तिनंच विंचरले होते!

या अभ्यासात निम्म्यांना खरं औषध मिळायचं, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच, औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसे. पण ज्यांना अजून गुण आला नाही, त्यांना आजपासून खरं औषध सुरू होणार होतं. आईला हे सिस्टरनं नीट समजावलं होतं.

"आई, खरं सांग की गं!"

"अगं, इतक्या आपुलकीनं विचारतात. तुमच्या गोळ्यांनी काही झालं नाही, असं तोंडावर कसं म्हणू?" आई तिच्या कानात कुजबुजली.

बाईंनी सांधे दाबून पाहिले. "सूज उतरलीय. छान! आहे तेच चालू ठेवू."

"उतरली? आई, तू दुखण्यावरची गोळी घेतलीस?"

"एकच. चारचौघांत तोंड वेडंवाकडं नको दिसायला."

"तपासणीआधी घेऊ नका म्हणून सिस्टरनं बजावलं होतं ना!" धाकटी आता बाईंकडे वळली. "आणि तुम्ही! पाहुण्यासारखं 'कसं आहे' विचारता, मग ती पाहुणचारच करणार. तिचे हात काय करू शकतात, ते विचारा ना!"

"पेशंट सांगतील तेच मी लिहिणार. तुम्ही मध्ये बोलू नका."

धाकटीनं पिशवीतली पाण्याची बाटली आईपुढे आदळली. "उघड."

आईनं झाकण धरलं. बोटं घसरली. तिनं पदराचं टोक गुंडाळून पाहिलं, बाटली काखेत दाबून पाहिली, शेवटी दात लावले. कपाळावर घाम आला.

"द्या आजी, मी उघडते," बाईंनी हात पुढे केला.

आईनं बाटली झटकन मागे ओढली. "रोज येणार आहात का घरी, झाकण उघडायला?"

धाकटीनं आईचा असा आवाज जन्मात ऐकला नव्हता.

"नाही बरं मला! काडीचा फरक नाही. लिहा!"

बाई चाचरल्या. "पण आज गोळी घेतलीत. आजची तपासणी धरता येणार नाही."

"मग परवा येते. गोळीबिळी काही न घेता. तेव्हा या यंत्रात नका बघू, माझ्या तोंडाकडे बघा."

बाहेर आल्यावर धाकटीनं बाटलीसाठी हात पुढे केला. आईनं तिलाही दिली नाही.