सुनेनं मध्ये बोलू नये

सासऱ्यांची सॉफ्टवेअर कंपनी घराच्याच तळमजल्यावर होती. तिथे अजाईल पद्धत आणली ती सुनेनं. काम थोडं थोडं करायचं, ग्राहकाला दाखवत सुधारायचं आणि रोज सकाळी उभ्याउभ्या प्रत्येकानं आपली अडचण स्वतःच्या तोंडानं सांगायची. कामं झपाट्यानं उरकू लागली तसे सासरे खूश झाले. फक्त ती पद्धत त्यांनी ‘आपल्या घराला साजेशी’ करून घेतली. ते खुर्चीत बसत, बाकीचे उभे राहत. बोलायचं मुलानं, सुनेला काही सांगायचं असेल तर नवऱ्यामार्फत. अडचणींचं रडगाणं त्यांनी बंदच करून टाकलं.

एका सकाळी सून मात्र बोलली. रुग्णालयासाठी औषधाची मात्रा काढणारा प्रोग्रॅम त्या दिवशी सुरू व्हायचा होता. रुग्णाचं वजन भरायचं राहिलं, तर तो सरळ मोठ्या माणसाचं वजन धरत होता. लहान मूल असलं तरी. हे दुरुस्त होईपर्यंत थांबू या, असं ती म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्याकडे न बघता मुलाला विचारलं, “घरात बायकोला बोलू देतोस, तेवढं पुरत नाही का?”

टीममधले दोघंतिघं ओशाळं हसले. प्रोग्रॅम सुरू झाला.

काही आठवड्यांतच एका चिमुरडीला भलतीच मोठी मात्रा गेली. जीव वाचला, पण डाव्या कानाचं ऐकणं गेलं.

रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाई चौकशीला आल्या. सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं, की तो भाग सुनेनं लिहिला होता आणि धोक्याची तिनं कधी कल्पनाच दिली नाही. सुनेनं टीमकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. नवऱ्याचीसुद्धा.

सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या सकाळी आल्या होत्या तशाच. उभा जन्म त्या नवऱ्यापुढे एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“तिनं सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांदेखत. यांनी तिचं तोंड बंद केलं. माझं केलं होतं, तसंच.”

“तू आत जा,” सासरे म्हणाले.

सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. काही म्हणजे काही वगळलं नाही. सून रडली नाही. मधे सासरे पाणी मागत होते, पण सासू-सुनेपैकी कुणीच उठलं नाही.

रुग्णालयानं काम काढून घेतलं, खटला उभा राहिला, कंपनीला कुलूप लागलं. सासूबाई आणि सून दुसरीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. नवरा समजूत काढायला आला, तेव्हा सुनेनं त्याला दारातूनच परत पाठवलं.

एका नातेवाईक बाईनं सासूबाईंना विचारलं, “या वयात आपलंच घर बुडवून काय मिळवलंत?”

“त्यांचा पडलेला चेहरा बघायला मिळाला,” त्या म्हणाल्या.

त्या मुलीला डावीकडून हाक मारली तर अजूनही ऐकू येत नाही. त्या सकाळी जे हसले होते, ते आता दुसऱ्या कंपन्यांत कामाला आहेत.